बाबांचे बारा हिवाळे

माझे वडील मारोतराव यांनी संगणकावरच्या एका खेळात बर्फाने वेढलेली वस्ती बारा हिवाळे जगवली. बाराव्या हिवाळ्यानंतर तो खेळ संपतो. त्याच खेळात, काठिण्याच्या त्याच पायरीवर, माझी वस्ती पाचव्या हिवाळ्यात गारठून संपली आणि माझी भाची टीना हिची सातव्या हिवाळ्यात. बाबांनी प्रत्येक हिवाळ्यात माझ्यापेक्षा कमी कोळसा खणला, भट्टीवर माझ्यापेक्षा कमी माणसे लावली आणि काही माणसे कामाविना बसवून ठेवली. त्यांचे वय सत्त्याहत्तर आहे. संगणकाचा माउस त्यांनी त्याआधी कधी हातात धरलेला नव्हता.

हे खेळ आमच्या घरात भांडणातून आले. टीनाला पुण्याच्या एका संस्थेत संगणकीय खेळांची रचना शिकण्यासाठी जागा मिळाली होती. होकार कळवण्याची मुदत मे महिन्यातल्या एका सोमवारी संपत होती. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ कमलेश, पोलाद कारखान्याच्या स्टोअर्समध्ये जनरल शिफ्टला आहे. मुलगी खेळ शिकायला पुण्याला जाणार, हे वाक्य त्याला पूर्ण ऐकवतही नव्हते. त्याने निर्णय माझ्यावर ढकलला.

"ताई, तू शिकलेली आहेस. तू खेळून पाह्य. तू म्हनशीन का यात काही अक्कल लागते, त पाठवतो. नाई त इथंच बीएस्सी करंन."

मी रायपूरच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते आणि कुम्हारीला राहते. उन्हाळ्याची सुट्टी होती. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन मी दोन आठवड्यांसाठी कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामधल्या कमलेशच्या क्वार्टरमध्ये आले. ठरले असे की टीना तीन खेळ निवडेल, मी ते तिच्या लॅपटॉपवर खेळेन आणि मुदतीच्या आदल्या दिवशी, रविवारी, सगळ्यांसमोर मत सांगेन. टीनाने हे मान्य केले, कारण तिला दुसरा मार्ग नव्हता. पहिल्या दिवशी तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला तो परीक्षेच्या टेबलावर पेपर ठेवावा तसा.

"आत्या, एक रिक्वेस्ट है. पहले से डिसाइड करके मत बैठना."

मी ठरवूनच बसले होते. ते तिला दिसत होते आणि मीही लपवले नाही.

पहिला खेळ गोष्टीचा होता. एका बेटावरच्या दीपगृहात एक बाई आपल्या हरवलेल्या बहिणीला शोधायला येते. माणसे भेटतात, बोलतात, आणि प्रत्येक संभाषणात उत्तरासाठी तीन पर्याय येतात. एखादा निवडला की पडद्याच्या कोपऱ्यात सूचना झळकते की या निवडीने पुढचे सारे बदलेल. अशा निवडी एकोणीस आहेत. मी हा खेळ तीनदा पूर्ण केला. पहिल्या वेळी प्रत्येक ठिकाणी सर्वांत सभ्य उत्तर दिले, दुसऱ्या वेळी सर्वांत उद्धट, आणि तिसऱ्या वेळी सोंगट्यांचा फासा टाकून जे येईल ते. तिन्ही वेळा बहीण मेलेली सापडली. तिन्ही वेळा ती धक्क्याच्या डाव्या बाजूला होती आणि तिन्ही वेळा तेच व्हायोलिन वाजले. फरक पडला तो फक्त तिच्या अंगावरच्या कोटाच्या रंगात. एकोणीस वेळा मला सांगितले गेले की माझ्या शब्दाला वजन आहे, आणि त्या सगळ्या वजनाने मिळून एक कोट रंगवला. याला गोष्ट सांगणे म्हणत नाहीत. ही ऐकणाऱ्याची फसवणूक आहे, आणि तीही त्याच्याकडूनच कष्ट करवून घेऊन केलेली.

टीनाला हे सांगितले तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

"तीन बार? आत्या, ऐसे नहीं खेलते. एक बार खेलो, और मान लो."

"मान लो म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी प्रयोगशाळेबाहेर उभं करते."

"हां, पर ये आपकी लॅब नहीं है ना."

दुसरा खेळ राज्यांचा. नदीकाठचा एक मुलूख, त्यावर पाच राजे, त्यांतला एक मी आणि उरलेले चार संगणक. याची तारीफ अशी ऐकली होती की संगणकाचे राजे फार चतुर आहेत. ते चतुर नाहीत. खेळाडूला शत्रूच्या मुलखावर धुके दिसते आणि धुक्याआड काय आहे ते कळत नाही. नियम सगळ्यांना सारखा असल्याचे सुरुवातीलाच लिहिलेले आहे. मी माझे सैन्य जंगलात, धुक्याआड, जवळ एकही हेर नसताना उभे केले. शत्रूची फौज त्या जंगलाला वळसा घालून गेली. जागा बदलून मी हे अकरा वेळा केले आणि अकराही वेळा तिने वळसा घातला. जो दुसऱ्याचे पत्ते पाहून खेळतो त्याला आमच्या घरात चतुर म्हणत नाहीत. कमलेशला मी हे जेवताना सांगितले. तो इतका खूश झाला की त्याने स्वतः उठून मला वरण वाढले.

"म्हंजे लबाडीच शिकवतेत म्हना पुन्याले."

टीना ताटावरून उठली. माझी आई सिंधुताई म्हणाली, "अर्धी पोळी टाकून चालली पाह्य. दोघं बहीनभाऊ मिळून लेकराचं जेवन बी जिंकले."

तिसरा खेळ भट्टीचा. घरात त्याला सगळे भट्टीवालाच म्हणत. ऐंशी माणसांची वस्ती आहे, चारी बाजूंना बर्फ आहे आणि मध्ये एक भट्टी. भट्टीवर माणसे राबली तर ऊब राहते. काही माणसे कोळसा खणतात, काही स्वयंपाकघरात असतात, काही शिकारीला जातात. माणसे थकतात, म्हणून त्यांना हटवून ताजी माणसे लावावी लागतात. एका चौकोनातून माणूस काढायचा आणि दुसऱ्यात टाकायचा, एवढेच काम. प्रत्येक कामाच्या जागा ठरलेल्या असतात, भट्टीवर आठ. आठही भरल्या की चौकोनाशेजारी हिरवी खूण उमटते. हिवाळे उत्तरोत्तर लांबत जातात आणि माणसांसाठी नव्या बराकी बांधाव्या लागतात.

हा खेळ मला इतर दोन खेळांहून कमी खोटा वाटला, कारण यात आकडे होते. मी तक्ता बनवला. कोणत्या कामावर किती माणसे लावली तर किती कोळसा मिळतो आणि किती जळतो, हे मांडले. तक्त्यानुसार माझी वस्ती पाचवा हिवाळा सहज ओलांडायला हवी होती. ती त्या हिवाळ्याच्या तेविसाव्या दिवशी संपली. पुन्हा खेळले. तेविसाव्याऐवजी विसाव्या दिवशी संपली. तिसऱ्यांदा मी भट्टीची हिरवी खूण एक क्षणही विझू न देण्याचा प्रयत्न केला आणि एकोणिसाव्या दिवशी हरले.

माझ्या मागे, कुलरच्या वाऱ्यात, बाबा खुर्ची टाकून बसलेले असत. ते त्याच पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंड गाळणाऱ्या झोतभट्टीवर, चौतीस वर्षे होते. तिसऱ्यांदा पडदा पांढरा झाला तेव्हा मी आईने आणून ठेवलेला चहाचा कप उचलला.

"भट्टी विझवली," बाबा म्हणाले, "अन् वरून चहा पिऊन राह्यली."

"बाबा, खेळ आहे तो."

"भट्टी विझवनाऱ्या मान्साले आमी चहा नाई पाजत होतो."

ते उठून अंगणात गेले. आई म्हणाली, "बाहेर अंगाची लाही होऊन राह्यली अन् बापलेक घरात बर्फावरून भांडून राह्यले."

त्या संध्याकाळी त्यांनी टीनाकडून माणसे लावायला आणि काढायला शिकून घेतले. हिंदीतल्या सूचना ते बोट ठेवून वाचत. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहा ते साडेबारा ते लॅपटॉपपुढे बसू लागले. त्या वेळेत टीना सिविक सेंटरच्या शिकवणीला जाई, मी आतल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत असे आणि आई स्वयंपाकघरात. त्यांच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. आठ दिवसांनी, शनिवारी, त्यांनी बाहेरून मला हाक मारली.

"वंदे, झालं हे."

पडद्यावर बारावा हिवाळा संपल्याची पाटी होती.

टीना घरी आली, तिने पडदा पाहिला आणि ओरडली, "आबा! मतलब, पूरे बारा? हार्ड पे?" तिने बाबांना मिठी मारली. बाबांना अवघडल्यासारखे झाले. मग तिने माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत जे होते ते मी ओळखले. मी जे तीन खेळ मोडून दाखवले होते, त्यांतला शेवटचा तिच्या बाजूने बोलला होता. अक्कल लागते का, हा कमलेशचा प्रश्न होता. तिची आत्या तीनदा हरली होती आणि आबा पहिल्याच वेळी जिंकले होते. यात तिला उत्तर दिसत होते.

मला त्यात एक आकडा दिसत होता, आणि तो बसत नव्हता.

सर्वांत सोपे स्पष्टीकरण सगळ्यांनी लगेच दिले: बाबांचा अनुभव. ते मी बाजूला ठेवले. या खेळातल्या भट्टीला हवेचा झोत नाही, तिच्यातून लोखंड काढायचे नाही, तिच्यात चुनखडी पडत नाही. ब्लास्ट फर्नेसशी तिचे नावापुरते नाते आहे. अनुभव हे कारण नसते. अनुभवाने हाताला कोणती विशिष्ट गोष्ट करायला लावली, ते कारण असते. ते कुणी सांगितले नाही.

मी काठिण्याची पायरी तपासली. ती तीच होती. खेळ दर सहा तासांनी, म्हणजे वस्तीतल्या सहा तासांनी, आपोआप नोंद ठेवतो. त्या नोंदी मी उघडल्या. एकूण शेकड्यांनी होत्या. मी वेगवेगळ्या हिवाळ्यांतल्या चौदा उघडल्या. नऊ नोंदींमध्ये भट्टीवर सहा माणसे होती आणि पाचांमध्ये आठ. मधला आकडा कुठेच नव्हता. एक जण खेळला असता तर सवयीने एकच आकडा ठेवला असता. सहा ठेवणारा एक आणि आठ ठेवणारा दुसरा, असे दोन हात या वस्तीवर फिरले होते. दुसरा हात कुणाचा असणार, याबद्दल मला शंका राहिली नाही. नोंदींवरच्या खऱ्या वेळा सगळ्या सकाळी दहा ते साडेबाराच्या होत्या, पण लॅपटॉपचे घड्याळ मागे सरकवणे खेळांची रचना शिकू पाहणाऱ्या मुलीला कठीण नव्हते.

शनिवारी संध्याकाळी कमलेश कामावरून आल्यावर मी हे सांगितले. रविवारपर्यंत थांबायला हवे होते. थांबले नाही.

"मैंने छुआ भी नहीं," टीना म्हणाली. "आबा से पूछ लो."

"आबांना विचारायचा प्रश्न नाही. नोंदींत दोन माणसं दिसतात."

"म्हंजे मी खोटं बोलून राह्यलो?" बाबांनी विचारले.

"तुम्ही नाही, बाबा."

"मंग कोन? हा डब्बा बोलून राह्यला?"

"आत्या, आपको ना बस हारना नहीं आता," टीना म्हणाली. "पूरे हफ्ते से आप प्रूफ ढूंढ रहे हो कि मैं बेवकूफ हूं. नहीं मिला, तो अब चोर बना दिया."

कमलेशने बूट काढता काढता मान हलवली. "झालं मंग. लबाडीच शिकाची आहे त पुन्याले जाची काय गरज आहे? घरीच जमून राह्यली. सोमवारी काही भरत-बिरत नाई मी."

टीना आत गेली आणि तिने कडी लावली. आई माझ्याजवळ आली. मी टीनाच्या वयाची असतानाही तिने माझ्याकडे कधी असे पाहिले नव्हते.

"तुह्यानं खेळनं नाई झालं, त पोरीच्या जिवावर कावून उठली?"

माझ्याकडे नोंदी होत्या.

रविवारी सकाळी मी बाबांना म्हटले की त्यांनी माझ्यासमोर फक्त एक हिवाळा खेळून दाखवावा, म्हणजे वाद मिटेल.

"चौतीस वर्सं नोकरी केली," ते म्हणाले. "आता या वयात पोरीपुढं ट्रायल द्या लागते मले?"

ते कुलरच्या मागच्या ताट्या काढायला अंगणात गेले. त्यातली खस बदलायची होती. टीनाच्या खोलीची कडी तशीच होती. कमलेश बाजारात गेला होता. लॅपटॉप माझ्या ताब्यात होता, कारण आता त्याला कुणी हात लावत नव्हते.

हा खेळ वस्ती शेवटपर्यंत जगवणाऱ्याला एक गोष्ट देतो: आख्खी वस्ती वरून, वेगाने, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत पुन्हा दाखवतो. हरलेल्याला ही सोय नाही, म्हणून मी ती कधी पाहिलेली नव्हती. मी ती लावली आणि भट्टीवर नजर ठेवली.

पहिल्याच मिनिटात माझी मांडणी मोडली. भट्टीवर सहा माणसे होती. मग बराकीतून दोन ठिपके निघाले, चालत भट्टीपाशी आले, आणि आठ झाली. त्यानंतर आधीच्या सहांतले दोन ठिपके निघून गेले. पुन्हा दोन आले, आठ झाली, दोन गेले. तिसऱ्यांदा तसेच. सहा जुन्यांच्या जागी सहा नवे आले आणि भट्टीवर एका क्षणीही सहापेक्षा कमी माणसे नव्हती. वस्तीच्या घड्याळात तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. दुपारी दोनला हेच झाले. रात्री दहाला हेच. बाराही हिवाळ्यांत, दररोज, तीनदा.

मी आदल्या दिवशीच्या चौदा नोंदी पुन्हा उघडल्या. नोंदी सहा, बारा, सहा, बारा अशा वाजता ठेवल्या जातात. आठ माणसे दाखवणाऱ्या पाचही नोंदी सकाळी सहाच्या होत्या. उरलेल्या नऊ इतर वेळांच्या. माणसांच्या आकड्याला लागूनच वेळेचा रकाना होता. तो मी वाचला नव्हता. विद्यार्थ्याच्या वहीत हे दिसले असते तर मी लाल शाईने संपूर्ण पान कापले असते.

मी अंगणात गेले. बाबा जुनी खस झटकत होते.

"बाबा, भट्टीवर आठ जागा आहेत. तुम्ही सहाच कावून भरल्या?"

"दोन येनाऱ्यासाठी."

"कोण येणार?"

त्यांनी ताटी खाली ठेवली आणि माझ्याकडे असे पाहिले की मी त्यांच्याच घरात वाढले याची त्यांना शंका यावी.

"रिलीव्हर. तो येऊन उभा राह्यल्याबिगर जागा सोडता येते का?"

"पण खेळात तसं कुठंच लिहिलेलं नाही."

"खेळात कायले लिहीन? हे का लिहून सांगाची गोष्ट आहे?"

"आणि ती माणसं बराकीत नुसती बसवून ठेवली होती ती?"

"ते बसून नोते. पुढच्या पाळीचे होते. झोपून राह्यले होते."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला. "माह्या भावाच्या लग्नाले पंगती उठल्यावर आले होते हे. इचारलं त म्हनते, रिलीव्हर नाई आला."

"नोताच आला," बाबा म्हणाले.

"चाळीस वर्सं झाली, अजून नाई आला म्हना."

पण ही अजून माहिती होती, कारण नव्हते. माणसे अशा रीतीने बदलल्याने वस्ती का वाचते, हे दाखवायचे राहिले होते. माझ्या हरलेल्या खेळातली पाचव्या हिवाळ्याच्या पहिल्या दिवसाची नोंद मी उघडली आणि या वेळी तक्त्याऐवजी घड्याळ पाहिले. मी नेहमी करत असे तेच केले: थकलेला माणूस भट्टीवरून काढला आणि ताजा लावला. दोन टिचक्या. चौकोनात आकडा लगेच आठ झाला आणि हिरवी खूण तशीच राहिली. पण ताजा माणूस बराकीतून निघाला होता आणि चालत होता. नव्या बराकी वस्तीच्या कडेला होत्या. त्याला भट्टीपाशी पोहोचायला वस्तीतली एकोणीस मिनिटे लागली. तेवढा वेळ ती जागा रिकामी होती आणि भट्टी निवत होती, जरी खूण हिरवी होती. निवलेली भट्टी पुन्हा तापवायला खेळ तिप्पट कोळसा घेतो, हे मी आणखी सहा वेळा मोजून पक्के केले.

मग त्याच नोंदीपासून मी पाचवा हिवाळा दोनदा खेळले. पहिल्यांदा माझ्या जुन्या पद्धतीने. वस्ती एकोणिसाव्या दिवशी संपली. दुसऱ्यांदा एकच गोष्ट बदलली: भट्टीवर सहा माणसे ठेवली आणि येणारा पोहोचल्याशिवाय जाणाऱ्याला हलवले नाही. बाकी सारे तसेच ठेवले. हिवाळा संपला तेव्हा वस्ती जिवंत होती आणि कोठारात कोळसा उरला होता.

दुपारी अडीच वाजता मी टीनाच्या दाराशी गेले.

"टीना, मी चुकले. तू हात लावला नव्हतास."

मग कडी निघाली. तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा कोरडा होता.

"मुझे क्यों बता रहे हो? मुझे तो पता था. पप्पा को बोलो. सबके सामने बोलो, जैसे कल बोला था."

ते योग्य होते. कमलेश बाजारातून आला तेव्हा सगळ्यांना समोरच्या खोलीत बसवून मी आदल्या दिवशीचा आरोप मागे घेतला, आणि तो ज्या चुकीमुळे केला ती चूकही सांगितली. नोंदी, वेळेचा रकाना, दोन्ही प्रयोग, सगळे लॅपटॉपवर दाखवले. टीना मागे भिंतीला टेकून उभी होती. प्रयोगाच्या वेळी मात्र ती पुढे आली, माझ्या खांद्यावरून वाकली आणि म्हणाली, "रुको. हरी खूण असाइन किए हुए लोगों की गिनती दिखाती है, पहुंचे हुए लोगों की नहीं. मैं सात तक इसी में मरी." मग तिने माझ्या हातातून माउस काढून घेतला, दूरच्या बराकीतली माणसे जवळच्या बराकीत हलवली आणि एकोणीस मिनिटांची चार मिनिटे करून दाखवली. ते मला सुचले नव्हते. बाबांनाही नाही.

"हे करता येत होतं का?" बाबा म्हणाले. "मंग मी कावून इतक्या लांबून चालवले त्याइले?"

कमलेशने मला विचारले, "मंग तुहं मत काय, ताई? भरू का नको भरू?"

मी मत सांगितले. दीपगृहाचा खेळ लबाड आहे. राजांचा खेळ लबाड आहे. भट्टीचा खेळ लबाड नाही, पण खेळाडूला चुकीची खूण दाखवतो आणि ते कुणी मुद्दाम केले की अजाणता, हे मला माहीत नाही. तीन खेळ खेळून मला त्यांतला एकही आवडलेला नाही आणि पुन्हा खेळण्याची इच्छा नाही. पण कमलेशचा प्रश्न आवडीचा नव्हता. अक्कल लागते का, असा होता. लागते. मी तीन वेळा हरून आणि एक आरोप करून जे शोधले त्यातला अर्धा भाग या मुलीने उभ्या उभ्या, तीन मिनिटांत पुढे नेला. तिला हे शिकायला पाठवू नये याला माझ्याकडे कारण नाही.

कमलेशने आपला फोन टीनाच्या हातात दिला. "भर. काय भराचं ते भर. अन् तिकडं गेल्यावर घरी फोन करत जाजो, गेम नोको खेळत बसू."

टीनाने होकार कळवला. माझ्याशी ती त्या दिवशी आणखी काही बोलली नाही. कुम्हारीला निघताना मी तिला हाक मारली तर तिने आतूनच, "हां, बाय," असे म्हटले. एवढ्यावर मी तक्रार करण्याच्या स्थितीत नव्हते.

बाबांची वस्ती बारा हिवाळे का टिकली, याचे कारण असे. या खेळात माणूस कामावर नेमताक्षणी मोजला जातो, पण काम तो पोहोचल्यावर करतो. जे खेळाडू भट्टीच्या आठही जागा भरतात त्यांना थकलेला माणूस आधी काढावा लागतो, आणि नवा चालत येईपर्यंत ती जागा रिकामी राहून भट्टी निवते. दिवसातून अनेकदा निवलेली भट्टी पुन्हा तापवण्यात जास्त खणलेला सगळा कोळसा जातो. वस्ती वाढते तशा बराकी दूर जातात, चाल लांबते आणि ही गळती वाढत जाते. म्हणून मी पाचव्या हिवाळ्यात हरले आणि टीना सातव्यात. बाबांनी भट्टीवर दोन जागा कायम रिकाम्या ठेवल्या, पुढच्या पाळीची माणसे राखून ठेवली, आणि कारखान्यात चौतीस वर्षे पाळलेल्या रीतीप्रमाणे येणारा जागेवर उभा राहिल्याशिवाय जाणाऱ्याला सोडले नाही. त्यामुळे त्यांची भट्टी एकदाही निवली नाही आणि कमी कोळसा पुरला.